वेगवान गाडीसाठी लिमिटेड स्लिप डिफरन्शियल कसा निवडावा

वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला की आतल्या बाजूचे चाक नुसतेच गरगरते, टायर जळल्याचा वास येतो आणि गाडी पुढे झेपावत नाही. साधा डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारी गिअरची जुळणी, दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क (फिरवण्याचा जोर) देत असल्याने कमी पकड असलेले चाक जेवढा पेलते, तेवढाच दुसऱ्याच्याही वाट्याला येतो. दोन चाकांच्या वेगातला फरक मर्यादित ठेवणारा लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजेच एलएसडी, यावर खरा उपाय आहे. मात्र खर्च करण्यापूर्वी टायरची झीज, हवा, अलाइनमेंट आणि सस्पेन्शनचे बुश तपासून घ्यावेत, कारण पुष्कळदा दोष तिथेच सापडतो.

त्यानंतर गाडीचा वापर प्रामाणिकपणे ठरवावा. रोजचा रस्ता आणि अधूनमधून ट्रॅक असा वापर असेल, त्यातही गाडी फ्रंट-व्हील-ड्राइव्ह (इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना देणारी) असेल, तर मी हेलिकल गिअरचा, म्हणजे टॉर्सन किंवा क्वाइफ पद्धतीचा, एलएसडीच सुचवेन. त्यात झिजणाऱ्या क्लच-प्लेट नसतात आणि त्याचे काम स्टिअरिंगवर सौम्यपणे जाणवते. मात्र तो कमी पकडीच्या चाकावरील टॉर्कच्या ठरावीक पटीतच दुसऱ्या चाकाला टॉर्क देतो. एक चाक हवेत उचलले गेले की शून्याची कितीही पट शून्यच. अशा वेळी ब्रेक हलकासा दाबल्यास काम भागते.

गाडी मुख्यतः ट्रॅकवर किंवा ड्रिफ्टिंगसाठी (मागची चाके मुद्दाम घसरवत वळण घेण्यासाठी) असेल, तर क्लच-प्लेटचा प्रकार घ्यावा. वन-वे फक्त ॲक्सिलरेशनला आवळतो, म्हणजे दोन्ही चाके एकमेकांशी जखडतो, टू-वे ॲक्सिलरेटर सोडल्यावरही तितकाच आवळतो आणि दीड-वे सोडल्यावर थोडा कमी. ड्रिफ्टिंगला टू-वे उत्तम. फ्रंट-व्हील-ड्राइव्हला तो टाळावा, कारण गाडी वळणात शिरायलाच कुरकुरते. प्लेट झिजतात आणि पार्किंगमध्ये कटकट आवाज येतो, हे आधीच मान्य असावे.

जुनी गाडी घेताना आत काय बसवले आहे, ते पाहावे. माझ्दा एमएक्स-५ मध्ये सुरुवातीला व्हिस्कस, म्हणजे घट्ट द्रवावर चालणारा, एलएसडी मिळे, तर १९९४ च्या मॉडेलपासून टॉर्सन मिळू लागला.

ऑर्डर देण्यापूर्वी गिअरबॉक्सचा कोड, ॲक्सलच्या स्प्लाइनची (टोकावरच्या उभ्या खाचांची) संख्या आणि बेअरिंगचे माप जुळवावे. रिअर-व्हील-ड्राइव्हमध्ये क्राउन-पिनियन या गिअरच्या जोडीचा बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) शिम, म्हणजे पातळ चकत्या, लावून जुळवावा लागतो. दातांना मार्किंग पेस्ट लावून फिरवल्यावर ठसा दाताच्या मधोमध आला पाहिजे, कडेला आला तर पुन्हा उघडावे. तेल उत्पादकाने सांगितलेलेच भरावे. क्लच-प्लेटचा एलएसडी असेल, तर मोकळ्या मैदानात, वाहन परवान्याच्या चाचणीत काढतात तसे आठचे आकडे सावकाश काढून प्लेट बसू द्याव्यात आणि करडे झालेले ते पहिले तेल लगेच बदलावे.