अभियांत्रिकीचा पसंतिक्रम भरण्यापूर्वी

एमएचटी-सीईटी या राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की बहुतेक घरांत नामवंत महाविद्यालयांची यादी आधी होते आणि आपल्याला तिथे खरोखर जागा मिळेल का, हा विचार मागे पडतो. राज्य सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर मागील वर्षांचे कटऑफ, म्हणजे शेवटची जागा किती गुणांवर मिळाली ते आकडे, प्रवेशफेरीनिहाय उपलब्ध असतात. किमान दोन वर्षांचे कटऑफ शेजारी ठेवून, केवळ महाविद्यालयाचे नाही तर नेमक्या शाखेचे आणि आपल्या प्रवर्गाचे आकडे पाहावेत. कटऑफच्या तक्त्यात प्रवर्ग इंग्रजी अक्षरांच्या संकेताने दिलेला असतो आणि त्यातील शेवटचे अक्षर विशेष महत्त्वाचे असते: ‘एच’ म्हणजे महाविद्यालयाच्याच विद्यापीठक्षेत्रातील विद्यार्थ्यांसाठीची जागा, ‘ओ’ म्हणजे बाहेरच्यांसाठीची आणि ‘एस’ म्हणजे राज्यस्तरीय. नाशिकच्या विद्यार्थिनीने मुंबईच्या महाविद्यालयाचा ‘एच’ असलेला आकडा पाहून आशा बांधली, तर तिची निराशाच होईल. मुलींच्या राखीव जागांचा संकेत ‘एल’ने सुरू होतो, तोही अवश्य तपासावा.

थोड्या अवघड वाटणाऱ्या जागाही वर लिहाव्यात, कारण वाटप पसंतीच्या क्रमानेच होते आणि त्यामुळे खालच्या पर्यायांची संधी कमी होत नाही. मात्र पहिल्या फेरीत पहिलीच पसंती मिळाल्यास पुढच्या फेऱ्यांत बदल करता येत नाही. म्हणून शुल्क, वसतिगृह आणि शाखेची आवड यांचा विचार करूनच पहिला पर्याय लिहावा.