जुना छोटा ट्रॅक्टर बघायला जाताय? थंड इंजिनच बघा

बागेतल्या फवारणीसाठी १५-१८ एचपीचा जुना ट्रॅक्टर बघायला जावं, तर मालकाने तो आधीच चालू करून गरम ठेवलेला असतो. गरम इंजिन एका सेलमध्ये उठतं आणि खोड झाकली जाते.

१. फोनवरच सांगा, "मी येईपर्यंत सेल मारू नका." सकाळी लवकर जा.

२. चहा नंतर. आधी बॉनेट उघडून इंजिनला हात लावा. कोमट लागलं तर समजून जा, आणि परत दुसऱ्या दिवशी या.

३. ऑइलची काडी ओढून बघा. काळं ऑइल चालेल. दुधाळ असेल तर आत पाणी शिरतंय. मी तरी तिथूनच परत फिरतो.

४. आता सेल मारा. सुरुवातीचा थोडा पांढरा धूर सोडून द्या. निळसर धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर ऑइल जळतंय.

५. इंजिन स्लोवर ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर नुसतं उलटं ठेवा. जरा थरथरलं तर ठीक. उडून खाली पडलं किंवा भकाभका धूर आला, तर रिंगा-लायनरचं काम निघालंय. तो खर्च किमतीतून वजा करूनच बोला.

चेसिस नंबर आरसी बुकाशी जुळवा, बँकेचा बोजा उतरलाय का तेही बघा.

रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन थंड असतानाच उघडा. गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.