भांड्यापाशी गुरगुरणारा कुत्रा : या चुका टाळा

एरवी गरीब असलेला कुत्रा जेवताना कुणी जवळ आलं की अंग ताठ करतो, घास भराभर गिळतो, मान न वळवता तिरकं बघतो आणि मग गुरगुरतो. घरच्यांचं लक्ष जातं ते या शेवटच्या पायरीकडेच. त्याला फटका बसतो आणि पहिली चूक होते.

गुरगुरणं म्हणजे इशारा. मार खाऊन कुत्रा इशारा देणं सोडतो, पण भांडं हातचं जाईल ही धास्ती तशीच राहते. पुढे तो थेट दात लावतो आणि घरचे म्हणतात, ‘काही नसताना चावला.’ गुरगुरला तर न ओरडता दोन पावलं मागे या.

‘मालक कोण ते कळू दे’ म्हणून खाताना भांड्यात हात घालणं, भांडं उचलून परत ठेवणं ही दुसरी चूक. तिच्यामागे लांडग्यांच्या कळपात एक म्होरक्या बाकीच्यांना धाकात ठेवतो, ही जुनी कल्पना आहे. ती आली प्राणीवर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांच्या 1947 च्या निरीक्षणांतून, आणि त्यांनी पाहिलेले लांडगे पिंजऱ्यात एकत्र ठेवलेले होते. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी 1999 मध्ये दाखवून दिलं की जंगलातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं. भांड्यात घातलेला प्रत्येक हात कुत्र्याचा संशय खरा ठरवतो.

गुरगुरणं अलीकडेच सुरू झालं असेल तर आधी पशुवैद्य गाठा. दात किंवा कान दुखत असला तरी कुत्रा चिडका होतो. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी भूक फार वाढते, त्या चालू असतील तर तेही सांगा.

सराव असा करा. भांड्यात रोजचं साधं खाणं ठेवा. खिशात चण्याएवढे उकडलेल्या चिकनचे तुकडे घ्या. मीठ, कांदा, लसूण अजिबात नको. कुत्रा निवांत खात राहील इतक्या अंतरावरून, म्हणजे बऱ्याचदा सहा ते आठ फुटांवरून, चालत जा. जाता जाता एक तुकडा भांड्याजवळ टाका आणि न थांबता पुढे जा. एका जेवणात असं आठ-दहा वेळा. तुमची चाहूल लागताच तो अंग सैल ठेवून, आशेनं वर बघू लागला की पुढच्या जेवणाला अर्धा फूट जवळ. ताठरला तर मागच्या अंतरावर परत. यात आठवडे जातात, जाऊ द्या.

सराव फसतो तो बहुतेक वेळा क्रमामुळे. आधी खिशात हात आणि मग पाऊल, असं झालं तर कुत्रा खिसा ओळखायला शिकतो, तुमचं येणं नाही. आधी पाऊल, मग तुकडा. दुसरं कारण घाई : चार दिवस बरे गेले की कुणीतरी कौतुकानं खाली वाकून पाठीवरून हात फिरवतं. वाकणं आणि हात लावणं या दोन्ही नव्या पायऱ्या आहेत, त्या वेगळ्या आणि लांबून सुरू करायच्या. आईला चालतं म्हणून बाबांना चालेलच असं नाही. प्रत्येकानं पहिल्या अंतरापासून सुरुवात करावी. चिकनच्या मानानं जेवण थोडं कमी करा, नाहीतर वजन वाढतं.

चप्पल किंवा मोजा पळवला की मागे धावू नका. पाठलागानं त्या वस्तूची किंमत वाढते. चिकनचे तीन-चार तुकडे थोडे दूर टाका, तो तिकडे गेल्यावर वस्तू उचला. ती धोक्याची नसेल तर कधीकधी परतही द्या. दिलेलं परत मिळतं हे कळलं की सोडणं सोपं जातं.

घरात दोन कुत्री असतील तर दोघांना वेगळ्या खोलीत, दार लावून जेवण. लहान मुलांना या सरावात घेऊच नका. जेवण चालू असताना ती दाराबाहेरच हवीत. आधी चावून रक्त काढलेलं असेल तर घरी प्रयोग नकोत, वर्तनतज्ज्ञ पशुवैद्याच्या देखरेखीखालीच काम करा. तोपर्यंत जाळीचा मझल, म्हणजे चावू नये म्हणून तोंडावर बांधायची जाळी, वापरायचा असेल तर कुत्र्याला धापता आणि पाणी पिता येईल असाच घ्या. पहिल्या दिवशी बांधू नका. आत खाऊ ठेवून तो स्वतःहून तोंड घालेपर्यंत थांबा.

दात लागलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, तिखट, चुना काही लावू नका. कुत्र्याचं लसीकरण झालेलं असलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.