आरोग्य विमा निधीचे सल्लागार म्हणून जाताना: घानाच्या बिलांपासून सुरुवात

राष्ट्रीय आरोग्य विम्यात सुधारणा सुचवायला गेलेल्या गटाचा पहिला महिना बहुधा मंत्रालयातल्या बैठकांत जातो. तो बिलांच्या टेबलावर घालवा. घानात योजनेचं दुखणं कायद्यापेक्षा बिलाच्या प्रवासात जास्त सापडतं.

आधी पैसा कुठून येतो ते पाहा. घानाचा विमा कायदा 2003 चा, 2012 मध्ये त्याच्या जागी नवा आला. निधीचे मुख्य आधार दोन: वस्तू-सेवांवरचा 2.5 टक्के विमा कर आणि नोकरदारांच्या सामाजिक सुरक्षा वर्गणीतला वाटा. असंघटित कामगारांचा हप्ता त्यामानाने किरकोळ. 18 वर्षांखालची मुलं, 70 च्या पुढचे वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि अतिगरीब यांना तो माफच आहे. त्यामुळे ‘हप्ता वाढवा’ हा सल्ला अहवालात घालू नका. त्याने निधी फारसा वाढत नाही, उलट गरीब माणूस कार्डाचं नूतनीकरण टाळतो.

आता बिलं. गावचं आरोग्य केंद्र, जिल्हा रुग्णालय आणि मिशनचं रुग्णालय अशा तीन ठिकाणांहून मिळून दोनशेएक बिलं काढा. प्रत्येकावर चार तारखा लिहा: उपचार, बिल दाखल, बिलाची तपासणी, पैसे जमा. पहिल्या दोन तारखांत मोठं अंतर असेल तर रुग्णालयात बिलं लिहायला माणसं कमी आहेत. मधलं अंतर मोठं असेल तर तपासणी केंद्र तुंबलंय. शेवटचं मोठं असेल तर पैसा सरकारी तिजोरीत अडकलाय, आणि त्यावर कुठलंही सॉफ्टवेअर चालत नाही. घानात विमा कर आधी तिजोरीत जातो, मग निधीकडे येतो. 2017 च्या कायद्याने अशा राखीव निधींना मिळणाऱ्या रकमेवर मर्यादाही घातली होती. पैसे थकले की रुग्णालय कार्डधारकाकडूनच औषधाचे रोख पैसे मागतं. म्हणून कर किती दिवसांत निधीच्या खात्यात पडायला हवा, हा आकडा अर्थ मंत्रालयाकडून लेखी घ्या.

नाकारलेली बिलं वेगळी काढून कारणं मोजा: मुदत संपलेलं कार्ड, चुकीचा कोड, निदानाशी न जुळणारं औषध. घानात 2008 पासून उपचाराचा दर निदानगटानुसार, म्हणजे सारख्या आजारांच्या गटाला एक ठरीव दर असा ठरतो, औषधं मात्र यादीतल्या दराने वेगळी लागतात. मग बिल फुगतं ते औषधांत. साध्या तापाच्या बिलावर प्रतिजैविक आणि इंजेक्शन दोन्ही दिसली तर डॉक्टरला दोष देण्याआधी दरांची ही रचना पाहा.

महात्मा फुले योजनेत काम केलेल्यांना हे टेबल ओळखीचं वाटेल, पण तिथली पूर्वमंजुरीची सवय घानात नेऊ नका. फुले योजना मुख्यतः दाखल रुग्णांची आहे. घानात ओपीडीच्या लहान बिलांचा ढीग असतो आणि प्रत्येकाला मंजुरी लावली तर रांग हलणार नाही.

अशा लहान बिलांवर माणशी ठरावीक रक्कम हा उपाय सुचतो: दर बिलाचे पैसे न देता केंद्राला नोंदलेल्या सभासदामागे ठरलेली रक्कम द्यायची. हिशेब सोपा आहे. समजा केंद्राकडे 20,000 सभासद आहेत, माणशी वर्षाला 1.5 भेटी, भेटीमागे खर्च 40 सेडी (घानाचं चलन). म्हणजे माणशी 60 सेडी, केंद्राला महिन्याला एक लाख. गफलत होते ती भेटींच्या आकड्यात, कारण नाकारलेली आणि न पाठवलेली बिलं त्यात धरलेली नसतात. तान्ही बाळं आणि वृद्ध यांच्यासाठी केंद्राला माणशी रक्कम जास्त धरा, आणि शे-दोनशे सभासदांच्या दवाखान्याला ही पद्धत लावूच नका, दोन-चार गंभीर रुग्णांत तो बुडेल. थायलंडने 2002 मध्ये माणशी 1,202 बाथवर सुरुवात केली, आणि पुढे दर नव्याने मोजण्याची पद्धत टिकवली.

घानाने हाच प्रयोग 2012 मध्ये एकट्या अशांती प्रांतात केला. ‘आमच्याच वाट्याला का?’ हा सवाल तिथे पेटला, त्याला राजकीय रंग चढला आणि 2017 मध्ये प्रयोग थांबला. म्हणून चाचणीसाठी वेगवेगळ्या पक्षांचं वजन असलेल्या दोन-तीन प्रांतांतले जिल्हे निवडा. दर जाहीर करण्याआधी रुग्णालयांना त्यामागचा हिशेब उघडून दाखवा. नोंदणीचं केंद्र बदलायचं तर काय करायचं, ते सभासदाला त्याच्या भाषेत, खिडकीवरच सांगा. अशांतीची राजधानी कुमासीत ट्वी भाषेत.

सगळी गणितं कुलूप नसलेल्या साध्या एक्सेलमध्ये ठेवा. शेवटचे दोन आठवडे निधीचे कर्मचारी पुढच्या वर्षाचा दर स्वतः काढतील. तुम्ही शेजारी बसा, कीबोर्डला हात लावू नका.