रेकॉर्डचं बटण दाबायच्या आधी ट्रॅकला नाव द्या

मी ऐरोलीत राहते आणि सुट्टीच्या दिवशी घणसोली, तळवली, गोठिवली अशा आपल्या आगरी गावांमधून लग्नाचे धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, रेकॉर्ड करते. पहिल्या वर्षी काय केलं तर घरी आल्यावर लॅपटॉपमध्ये नवीन सेशन, म्हणजे प्रोजेक्ट, उघडायचं, रेकॉर्डर जोडायचा आणि थेट लाल बटण, नावं नंतर बघू म्हणायचं. ते नंतर कधी आलंच नाही. सहा महिन्यांनी उघडलं तर समोर ऑडिओ 1_01, ऑडिओ 1_02 असं करत ऑडिओ 1_14-03 पर्यंत रांग, आणि त्यात दोन जावांचे आवाज, दोघीही धवलारणी, म्हणजे धवले गाणाऱ्या, दोघी वर्षानुवर्षं एका मांडवात गाणाऱ्या, त्यामुळे गळे अगदी सारखे. शेवटी लॅपटॉप घेऊन त्यातल्या एकीच्या, मावशींच्या, ओटीवर जाऊन बसले आणि एकेक क्लिप लावली. मावशी डोळे मिटून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "ही मी नाय, ही जाव हाय माझी." पण एका क्लिपला त्या बराच वेळ गप्प बसल्या, परत लावायला सांगितली, परत ऐकली, आणि नाही सांगता आलं त्यांना. ती क्लिप माझ्याकडे अजून "ओळख नाही" याच नावाने आहे. म्हणून हे सगळं नीट लिहितेय, नव्याने रेकॉर्डिंग करणाऱ्या कोणावर ही वेळ येऊ नये.

तर आधी हे समजून घ्या की सॉफ्टवेअर नाव आणतं कुठून. प्रो टूल्स, लॉजिक, रीपर अशा रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जवळजवळ सगळीकडे ते ट्रॅकच्या नावावरून येतं, ट्रॅक म्हणजे ज्या आडव्या पट्टीवर आवाज रेकॉर्ड होतो ती. प्रो टूल्समध्ये ट्रॅकचं नाव "ऑडिओ 1" असेल तर पहिलं रेकॉर्डिंग ऑडिओ 1_01, दुसरं ऑडिओ 1_02, आणि त्यातली एखादी क्लिप कापली की मागे आडवी रेघ देऊन अजून एक नंबर लागतो. म्हणजे ऑडिओ 1_14-03 याचा अर्थ त्या ट्रॅकवरच्या चौदाव्या रेकॉर्डिंगचा कापलेला तुकडा. लॉजिकमध्ये त्या जागी हॅशचं चिन्ह येतं, ऑडिओ 1#01 असं. रीपरमध्ये आधी ट्रॅकचा नंबर, मग ट्रॅकचं नाव, मग तारीख आणि वेळ, आणि ट्रॅकला नावच नसेल तर नुसता नंबर आणि तारीख. रीपरमध्ये हा क्रम वाइल्डकार्ड (नाव, तारीख यांच्या जागी टाकायचे सांकेतिक शब्द) वापरून बदलता येतो, प्रोजेक्टचं नावसुद्धा त्यात घालता येतं. ऑडॅसिटीत प्रेफरन्सेसमधल्या रेकॉर्डिंगच्या पानावर नवीन ट्रॅकचं नाव आधीच लिहून ठेवायची सोय आहे, शेजारी ट्रॅक नंबर, तारीख आणि वेळ यांचे टिक आहेत, ते लावून टाका.

यातून निघणारी सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे ट्रॅकचं नाव रेकॉर्ड करायच्या आधी बदला. नंतर बदललंत तर पुढची रेकॉर्डिंग नवीन नावाने येतात पण आधी डिस्कवर गेलेल्या फाइलचं नाव जुनंच राहतं. ट्रॅकच्या नावावर डबल क्लिक करा, "मावशी_हळद" लिहा, एंटर मारा, मग रेकॉर्ड. दहा सेकंदांचं काम आहे.

दुसरी गोष्ट जिथे भले भले अडकतात ती म्हणजे क्लिप आणि फाइल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. फाइल म्हणजे डिस्कवर पडलेला खरा आवाज, आणि क्लिप म्हणजे फक्त "या फाइलमधला इथपासून इथपर्यंतचा भाग वाजव" अशी एक खूणचिठ्ठी. एका फाइलच्या पन्नास क्लिप असू शकतात. त्यामुळे रीपरमध्ये एफ 2 दाबून टेकचं (एका वेळच्या रेकॉर्डिंगचं) नाव बदललं तर ते फक्त प्रोजेक्टमध्ये बदलतं, फोल्डरमध्ये फाइल आहे त्याच नावाने. फाइलचंही बदलायचं असेल तर एसडब्ल्यूएस हे रीपरला जोडायचं एक्स्टेन्शन टाकून घ्या, त्यात त्यासाठी वेगळी अ‍ॅक्शन मिळते. प्रो टूल्समध्ये अख्ख्या फाइलच्या क्लिपचं नाव बदलायला गेलात तर ते सरळ विचारतं, फक्त क्लिपचं बदलू की क्लिप आणि डिस्कवरची फाइल दोन्हींचं. मी दोन्हींचं करते, कारण उद्या सेशन उघडलं नाही तरी फोल्डर बघून कळलं पाहिजे.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका, सॉफ्टवेअर बाजूला ठेवून विंडोजच्या फोल्डरमध्ये जाऊन फाइलींची नावं बदलायची. प्रोजेक्ट जुन्या नावाने शोधत बसतो, उघडल्यावर क्लिप रिकाम्या दिसतात आणि मग एकेक फाइल हाताने जोडून द्यावी लागते. मी एका रविवारी हौसेने तीसेक फाइलींची नावं अशी "नीट" केली होती, पुढचे दोन रविवार जोडण्यात गेले.

ऑडॅसिटीचं जरा वेगळं आहे. 2021 पासून, म्हणजे 3.0 व्हर्जनपासून, सगळा प्रोजेक्ट एकाच एयूपी3 फाइलमध्ये असतो, त्यामुळे आत वेगळी फाइल दिसतच नाही. 3.1 पासून क्लिपच्या डोक्यावर पट्टी आली, तिच्यावरच्या नावावर डबल क्लिक केलं की बदलतं. पण बाहेर काढताना एकदम अनेक फाइली केल्या तर नावं ट्रॅकवरून किंवा लेबलवरून (रेकॉर्डिंगच्या एखाद्या भागाला लावलेल्या नावाच्या चिठ्ठीवरून) घेतली जातात, क्लिपवरून नाही. म्हणून लांबलचक रेकॉर्डिंगमधून दहा धवले वेगळे करायचे असतील तर प्रत्येकाचा भाग निवडून कंट्रोल बी दाबा आणि लेबल लिहा.

शिकवणाऱ्या व्हिडिओंमध्ये शब्द वेगवेगळे ऐकू येतील, घाबरू नका. प्रो टूल्स 10 च्या आधी, म्हणजे 2011 पर्यंत, क्लिपला रीजन म्हणायचे, लॉजिकमध्ये अजूनही रीजनच म्हणतात, क्यूबेसमध्ये इव्हेंट आणि रीपरमध्ये आयटम.

आता नाव कसं द्यायचं. माझं असं असतं: 20240211_घणसोली_मावशी_हळद_02. तारीख उलटी, वर्ष आधी, म्हणजे नावाने लावलं की आपोआप तारखेप्रमाणे लागतात. नंबर 2 नाही तर 02, नाहीतर काही प्रोग्रॅममध्ये 1 नंतर 10 येतो आणि 2 खाली जातो. इथे मी देवनागरीत लिहिलंय पण फाइलचं नाव तुम्ही रोमन अक्षरांत द्या, आपली लिपी मला जीव की प्राण आहे पण काही जुने प्लगइन आणि झिप उघडणारे प्रोग्रॅम काना-मात्रांचे चौकोन करतात. विंडोजला तिरकी रेघ, कोलन, प्रश्नचिन्ह, तारा, उभी रेघ ही चिन्हं चालत नाहीत. स्पेसच्या जागी खालची रेघ टाका. "फायनल", "फायनल नवीन" असलं काही नको, टेकचा नंबर पुरे. मधेच ट्रान्सहार्बरच्या लोकलचा भोंगा आला वगैरे गोष्टी नावात कोंबू नका, त्या ठिकाणी मार्कर, म्हणजे खूण, टाकून तिथे लिहा.

मोबाइलवर कोणी पाठवलेल्या क्लिप असतील तर त्या सेशनमध्ये घ्यायच्या आधीच नाव बदला, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फाइलीच्या नावात तारीख आणि एक नंबर एवढंच असतं, गाणारी कोण ते नसतं. रेकॉर्डरचं कार्ड फॉरमॅट केलं की त्यातलेही नंबर पुन्हा 0001 पासून सुरू होऊ शकतात, म्हणजे दोन वेगळ्या लग्नांच्या फाइली एकाच नावाच्या, आणि एका फोल्डरमध्ये टाकल्या की एक दुसरीवर जाऊन बसू शकते. प्रत्येक दिवसाचं फोल्डर वेगळं करा.

आणि हे सगळं करूनही मी प्रत्येक टेकच्या सुरुवातीला माइकमध्ये तोंडाने बोलते, गाव, तारीख, कोण गातंय, कुठला विधी. फाइलचं नाव कोणी बदललं तरी आतलं बोलणं राहतं. परवा मी गडबडीत विसरले तर मावशींनीच हात करून थांबवलं, पदर सारखा केला, माइककडे वाकून स्वतःचं आणि जावेचं नाव सांगितलं आणि मग गायला लागल्या.