कुत्र्याचं पोट बिघडलंय? आधी हिरड्या बघा, मग भात चढवा

कुत्र्याला जुलाब लागले की आपल्या घरांत दोन गोष्टी हमखास होतात. कुणीतरी म्हणतं, "सकाळपासून पोटात काही नाही त्याच्या, जरा दूध तरी घाला." आणि दुसरं कुणीतरी औषधांचा डबा उघडतं. दोन्ही मायेपोटीच होतं, आणि दोन्हींमुळे दुखणं वाढतं. साध्या बिघडलेल्या पोटाला थोडी विश्रांती, पाणी आणि अळणी मऊ भात एवढंच हवं असतं. बाकीचं काम आपल्या डोळ्यांचं.

आमचं गाव रत्नागिरीजवळ. घरी बंड्या आहे, काळा गावठी, आणि शेजारच्यांकडे ब्रुनो नावाचा लॅब्रॅडोर, जो मिळेल ते गिळतो. वाडीत कुत्र्याचं पोट बिघडलं की मंडळी माझ्याकडे विचारायला येतात. मी डॉक्टर नाही. पण वर्षानुवर्षं कुत्री पाळून आणि गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून जे पक्कं कळलंय, ते इथे लिहिते.

घरी ठेवायचं की दवाखान्यात न्यायचं

हे पहिलं ठरवायचं. भात त्यानंतर.

पिल्लू असेल आणि लसी पूर्ण झालेल्या नसतील, तर घरगुती उपचार करत बसूच नका. मलूल पडलेलं, ओकणारं, घाण वासाची रक्ताळ शी करणारं पिल्लू दिसलं की पार्व्हो या विषाणूच्या रोगाचा संशय धरायचा आणि तसंच उचलून न्यायचं. या रोगात पिल्लू एक-दोन दिवसांत हातचं जातं आणि सलाईनवर वेळेत ठेवलं तर वाचूही शकतं. लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि सोळा आठवड्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांनी पुन्हा पुन्हा द्यावी लागते. एक टोचली म्हणजे झालं, असं नसतं. म्हातारा कुत्रा, गाभण कुत्री, साखरेचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेला कुत्रा, यांच्या बाबतीतही वाट बघू नये.

मोठा, एरवी ठणठणीत कुत्रा असेल तर आधी तो कसा वागतोय ते बघा. दोन-तीनदा पातळ शी झाली, एखादी उलटी झाली, पण हाक मारली की उठतोय, शेपूट हलवतोय, पाणी पितोय आणि ते पोटात टिकतंय, तर घरी सांभाळता येतं.

मात्र पुढचं काहीही दिसलं तर गाडी काढा. प्यायलेलं पाणीसुद्धा उलटून पडतंय. शी डांबरासारखी काळी आणि चिकट आहे, किंवा तिच्यात चांगलंच रक्त आहे. अंग थंड पडलंय किंवा ताप १०३ अंश फॅरनहाइटच्या वर गेलाय. (कुत्र्याचं साधारण तापमानच १०१ ते १०२.५ असतं. हात लावून "अंग गरम लागतंय" म्हणण्यात अर्थ नाही. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलिन लावून गुदद्वारातून मोजायचं, आणि तो थर्मामीटर वेगळा ठेवायचा.) मागचा भाग वर आणि पुढचे पाय जमिनीला टेकलेले, असा नमस्कार घातल्यासारखा कुत्रा पुन्हा पुन्हा उभा राहत असेल, तर पोटात कळा आहेत. उंदरांचं औषध किंवा शेतातली फवारणी तोंडात गेल्याचा संशय असेल तर पाकीटही सोबत न्या.

एक गोष्ट वेगळी सांगते, कारण तिथे तासांचाच हिशेब असतो. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्याचं पोट अचानक ढोलासारखं फुगलं, तो अस्वस्थ फिरतोय, लाळ गळतेय, ओकण्याचा जोर करतोय पण बाहेर काहीच पडत नाही, तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. रात्रीचे दोन वाजलेले असोत, निघायचं. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन, डॉबरमन पाळणाऱ्यांनी हे पाठ करून ठेवावं.

हिरड्या कशा बघायच्या

कुत्र्याच्या शेजारी बसा, समोर उभं राहू नका. वरचा ओठ अंगठ्याने हलकेच वर उचला. हिरडी ओली, बुळबुळीत आणि गुलाबी हवी. बोटाने दाबा, पांढरा ठिपका उमटेल, बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत तिथे पुन्हा गुलाबी रंग यायला हवा. हिरडी बोटाला चिकटतेय, कोरडी आहे, तर अंगातलं पाणी कमी झालंय. रंग पांढुरका असेल तर आत रक्त कमी पडतंय, आणि आपल्याकडे गोचिडांमुळे होणाऱ्या तापातही असंच दिसतं. पिवळसर असेल तर कावीळ.

बंड्यासारख्या बऱ्याच गावठी कुत्र्यांच्या हिरड्या काळ्या असतात, त्यांत रंग कळत नाही. तिथे खालची पापणी अंगठ्याने जराशी ओढा आणि आतला भाग बघा. मानेमागची कातडी चिमटीत उचलून सोडायची पद्धतही आहे. ती लगेच जागेवर बसली पाहिजे, तंबूसारखी उभी राहिली तर पाणी कमी झालंय. पण म्हाताऱ्या आणि फार वाळलेल्या कुत्र्यांत ती फसवते, म्हणून माझा भर हिरड्यांवर.

ही तपासणी कुत्रा बरा असताना चार वेळा करून ठेवा. त्यालाही सवय होते, आणि त्याचा नेहमीचा रंग कोणता ते तुम्हाला कळतं.

पाणी आणि पोटाला विश्रांती

नुसते जुलाब असतील तर पाण्याचं भांडं कायम भरलेलं असावं. उलट्याही होत असतील तर भांडंभर पाणी एकदम पुढे ठेवू नका. तहानलेला कुत्रा ते घटाघटा पितो आणि तितकंच बाहेर काढतो. उलटीनंतर थोडा वेळ जाऊ द्या, मग दोन-तीन चमचे, दर पंधरा-वीस मिनिटांनी. टिकलं तर हळूहळू वाढवा. बर्फाचा खडा चाटायला दिला तरी चालतं.

ओआरएसचं साधं पाकीट, त्यावर लिहिलंय तितक्याच पाण्यात कालवून, थोडं थोडं पुढे करायला हरकत नाही. आवडलं नाही तर साधं पाणी. साखरेऐवजी दुसरी गोडी घातलेली पेयं अजिबात नकोत. त्यांत झायलिटॉल असेल तर कुत्र्याची रक्तातली साखर झपाट्याने उतरते आणि यकृताला इजा होते. आणि निपचित पडलेल्या कुत्र्याच्या तोंडात पिचकारीने पाणी कोंबू नका, ते फुप्फुसात जातं. तो पीत नसेल तर त्याला सलाईनची गरज आहे, आपल्या जबरदस्तीची नाही.

उलट्या होत असलेल्या मोठ्या कुत्र्याला आठ ते बारा तास खायला न दिलेलं बरं. पिल्लाला आणि पॉमेरेनियनसारख्या लहानग्या जातींना असं उपाशी ठेवायचं नाही, त्यांची साखर उतरते. नुसते जुलाब असतील आणि कुत्रा स्वतःहून खायला मागत असेल, तर फार थांबायची गरज नाही, हलकं अन्न थोडं थोडं सुरू करा.

भात

आपल्या कोकणात आजाऱ्याला पेज देतात, ती कुत्र्यालाही चालते, फक्त मीठ, मेतकूट काही नको. पण नुसत्या पेजेवर भागत नाही, थोडं प्रथिन हवं. मी करते ते असं. नेहमीच्या तांदळाचा भात जास्त पाणी घालून, शीत बोटात दाबलं की पीठ होईल इतका मऊ शिजवायचा. दुसऱ्या टोपात कोंबडीच्या छातीचं मांस, कातडी आणि चरबी काढून, नुसत्या पाण्यात उकडायचं. हळद, मीठ, आलं-लसूण, तेल, काही म्हणजे काही नाही. कांदा-लसूण तर एरवीही देऊ नये, त्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. निवल्यावर वर आलेली चरबी काढून टाका, मांस बोटांनी कुस्करा आणि हाडाची कुच राहिली नाही ना, ते चाचपून बघा. एक वाटी मांसाला दोन-तीन वाट्या भात.

घरात मांस शिजत नसेल तर उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग घ्या. अंडंही चालत नसेल तर साय काढलेल्या दुधाचं घरी फोडलेलं पनीर, चांगलं निथळून. दूध मात्र नको, बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना ते पचत नाही आणि जुलाब वाढतात. ज्याला एरवी दह्याची सवय आहे त्याला चमचाभर ताजं दही भातात चालेल. सवय नसलेल्याला आजारपणात सुरुवात करू नका.

लाल भोपळा फार कामाचा. साल काढून, नुसता उकडून, कुस्करून, लहान कुत्र्याला चमचाभर आणि मोठ्याला मोठे दोन चमचे भातात मिसळा. त्यातल्या तंतूंमुळे शी बांधली जायला मदत होते.

किती द्यायचं, इथे सगळ्यांचा हात सैल सुटतो. एका वेळच्या जेवणाच्या साधारण पाव भागाइतकं, कोमट, आणि दर तीन-चार तासांनी. "अजून मागतोय बिचारा" म्हणून वाढू नका. भूक लागणं हे चांगलं लक्षण आहे, पण ताट भरलं की पुन्हा सगळं पातळ होतं. बांगडा, सुकटीचं पाणी, मटणाचा रस्सा, तूप हे या दिवसांत बंद. चरबीने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि ते दुखणं जुलाबांपेक्षा कितीतरी वाईट.

औषधांचा डबा बंद ठेवा

शेजारची सून मध्ये धावत आली होती. "काकू, ब्रुनोला माणसांची जुलाबाची अर्धी गोळी घालू का? केमिस्ट म्हणाला चालते." नाही चालत. जुलाब थांबवणारी लोपेरामाइड ही गोळी कोली जातीच्या आणि त्यांच्या जवळच्या जातींच्या कुत्र्यांच्या मेंदूवर परिणाम करू शकते, आणि आत विष किंवा जंतू असतील तर ते बाहेर पडण्याऐवजी आतच कोंडले जातात. अंग दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक दिलं तर जठराला जखमा होतात, मूत्रपिंड निकामी होतं. पॅरासिटामॉलने यकृत जातं. ही माणसांसाठीची औषधं आहेत, वजनाच्या हिशेबाने अर्धी करून ती कुत्र्याची होत नाहीत.

जुलाब म्हटलं की मेट्रोनिडॅझोल या प्रतिजैविकाची (अँटिबायोटिकची) पट्टी आणायची सवयही सोडा. साध्या आणि मध्यम जुलाबांना प्रतिजैविकं देऊ नयेत, असं युरोपातल्या पशुवैद्यकांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलंय. पोटातले उपयोगी जंतूही त्यात मरतात. डॉक्टरांनी तपासून दिलं तर गोष्ट वेगळी. जुनी माणसं एरंडेल पाजायला सांगतात, तेही नको.

काय खाल्लं असेल ते हंगामावरून ओळखा

मे महिन्यात आमच्याकडे कोय. आंब्याची कोय कुत्रा आवडीने पळवतो, कधी गिळतो, आणि ती आतड्यात अडकते. मक्याच्या बुरकुंडाचंही तेच. उलट्या चालू, शी होतच नाही, पोट दुखतंय, आणि अंगणातली कोय गायब, तर भात-भोपळा विसरा, एक्स-रे काढायला न्या. शिजवलेली हाडंही चिरफळून आत टोचतात.

गणपतीत तूप, तळण आणि मोदक. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे मुलं लाडाने घालतात. बेदाण्यांनी आणि द्राक्षांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पडतात आणि किती खाल्ल्यावर, ते आधी सांगता येत नाही. खाल्ल्याचं लगेच कळलं तर लक्षणांची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

पावसात साचलेलं पाणी. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस कुत्र्याला होतो तसा आपल्यालाही होतो. उलट्यांबरोबर ताप आणि डोळे पिवळे दिसले तर हातमोजे घालूनच साफसफाई करा आणि तडक दवाखाना गाठा. यावर कुत्र्यांसाठी लस आहे, पावसाळ्याआधी घेऊन ठेवा.

कागदावर लिहा, फोटो काढा

कधीपासून, दिवसातून किती वेळा, कशी शी, किती उलट्या, पाणी किती प्यायला, हे कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. वारंवार थोडी थोडी, शेंबडी, जोर करून होणारी शी ही मोठ्या आतड्याची, आणि थोड्याच वेळा पण भरपूर पाण्यासारखी होणारी बहुधा लहान आतड्याची. डॉक्टरांना हा फरक सांगितला की त्यांचं निम्मं काम होतं. मोबाइलवर शीचा फोटो काढायला संकोच वाटू देऊ नका.

उलट्या दिवसभरात थांबल्या नाहीत, किंवा जुलाब दोन दिवसांत कमी झाले नाहीत, तर घरचे उपाय तिथेच संपवा.

थांबले, तर भात आणखी दोन दिवस चालू ठेवा आणि मग नेहमीचं जेवण मिसळत जा. आधी पाव भाग, मग निम्मं, मग पाऊण, असं चार-पाच दिवसांत. या काळात एखादा दिवस शी झालीच नाही तर घाबरू नका, आतडी रिकामी असतात. जंताचं औषध जुलाब चालू असताना मनाने देऊ नका, बरं झाल्यावर डॉक्टरांना विचारून द्या. आणि महिन्या-दोन महिन्यांनी पोट पुन्हा पुन्हा बिघडत असेल, तर ताजी शी स्वच्छ कोरड्या डबीत घेऊन सकाळीच दवाखान्यात पोचवा. जंतांची अंडी आणि जिआर्डिया हा आतड्यातला सूक्ष्म परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात, शिळ्या नमुन्यात ते ओळखणं अवघड जातं.