ग्रेट निकोबारच्या अभ्यासमोहिमेची तयारी

विद्यार्थ्यांचा गट ग्रेट निकोबारला न्यायचा असेल, तर सामानाच्या आधी कागदपत्रांना हात घालावा. बेटाचा मोठा भाग शॉम्पेन व निकोबारी या आदिवासींसाठी राखीव असून १९५६च्या नियमावलीप्रमाणे तेथे परवान्याविना प्रवेश करता येत नाही. म्हणून गटाच्या मार्गाचा नकाशा अर्जासोबतच जोडावा आणि वाटेत शॉम्पेन भेटल्यास त्यांचे छायाचित्र काढायचे नाही, त्यांना खाऊही द्यायचा नाही, ही ताकीद निघण्यापूर्वीच द्यावी. वनखात्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. ड्रोन घरीच ठेवलेला बरा.

लेदरबॅक कासवांच्या विणीचा हंगाम साधून, पण पाऊस ओसरल्यावर, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत जावे. पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचे श्री विजयपुरम, येथून ग्रेट निकोबारचे बंदर कॅम्पबेल बे पाचशे किलोमीटरहून दूर आहे आणि जहाजाचे वेळापत्रक हवामानानुसार बदलते. त्यामुळे परतीच्या विमानापूर्वी चार-पाच दिवस मोकळे ठेवावेत. त्या दिवसांचा शिधा आणि रोख रक्कम हिशेबात धरावी. पालकांनाही हे आधीच सांगावे, कारण ठरल्या दिवशी मुलांचा फोन आला नाही की तिकडे घरी धावपळ सुरू होते.

गॅलेथिया या बेटावरच्या उपसागराच्या किनाऱ्यावर कासवे पाहण्याच्या रात्रपाळीसाठी प्रत्येकाकडे लाल उजेडाची डोक्याला बांधायची विजेरी असावी, कारण पांढऱ्या झोताने मादी अंडी न घालताच समुद्राकडे वळू शकते. अंडी घालायला सुरुवात होईपर्यंत तिच्या जवळ जाऊ नये. मोजमापासाठी शिंप्याची दीड मीटरची टेप अपुरी पडते. फायबरग्लासची लांब टेप घ्यावी आणि ती पाठीवरील मधल्या कंगोऱ्यावरून न नेता त्याच्या शेजारून, मानेमागील कडेपासून शेपटीकडील टोकापर्यंत धरावी. हा सराव महाविद्यालयातच उशीवर करून घेता येतो. नोंदी जलरोधक वहीत पेन्सिलीने कराव्यात. खाडीच्या मुखाशी व ओढ्याकाठी खाऱ्या पाण्यातील मगरी असतात, म्हणून हातपाय धुण्यासाठीही तेथे एकट्याने उतरू नये. येथे घड्याळ मुंबईचेच असले तरी जानेवारीत सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा मेगापोड या पक्ष्याची घरटी शोधण्यासारखी जंगलातली कामे दुपारीच आटोपावीत. ही घरटी वाळू, माती व पालापाचोळ्याचे ढिगारेच असल्याने पायाखाली येऊ शकतात.

जळवांसाठी लांब मोजे व मीठ पुरते. डासांची गोष्ट मात्र गंभीर आहे. मच्छरदाणी प्रत्येकाची स्वतंत्र असावी. हिवतापाची प्रतिबंधक औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने निघण्यापूर्वी सुरू करून ते सांगतील तितके दिवस परतल्यावरही घ्यावीत, आणि घरी आल्यानंतर ताप आलाच, तर निकोबारला जाऊन आल्याचे सांगून त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे.